राडेगुंडचा शेतकरी

योहानलिखित शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात प्रभू येशूने सत्य आणि मुक्ती यांची जी सांगड घातली आहे, ती आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात ती पाठ झाली आणि प्रवचनांतून ती इतक्यांदा कानांवर आली, की आता तिचा आवाज होत नाही. मात्र ते वचन ऐकल्यावर श्रोत्यांनी लगेच काय उत्तर दिले, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. आपण अब्राहामाचे वंशज असून कधीही कोणाच्या दास्यात नव्हतो, असे ते म्हणाले. मिसर देशातील वेठबिगारी, बाबेलचा बंदिवास आणि ते बोलत होते त्याच क्षणी यरुशलेमेच्या रस्त्यांवरून फिरणारे रोमन शिपाई, या सर्वांचा त्यांना विसर पडला. आम्हांला ही हकीकत फार बोलकी वाटते. आपल्या पायांत बेडी आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला मुक्तीचे काय?

प्रस्तुत लेखात आम्हांला या वचनाचे भाष्य करावयाचे नाही. भाष्ये पुष्कळ झाली आहेत, आणि सेमिनरीत असताना त्यांतली बरीच आम्ही परीक्षेपुरती वाचलीही. येथे सांगावयाचा आहे तो एका शेतकऱ्याचा इतिहास. तो आपल्यासारखाच धर्मग्रामात वाढला, आपल्यासारखीच शेती आणि गुरे राखून राहिला, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी केवळ एक खोटी शपथ घेण्याचे नाकारल्यामुळे मरण पावला. त्याचे नाव फ्रान्झ येगरश्टेटर.

ऑस्ट्रियाच्या अपर ऑस्ट्रिया प्रांतात, बव्हेरियाच्या सीमेवर, साल्झाख नदीच्या काठी सांक्त राडेगुंड नावाचे एक लहानसे खेडे आहे. चर्च, कबरस्तान, विखुरलेली शेतघरे आणि सभोवार जंगल एवढाच त्याचा पसारा. हे खेडे ज्या जिल्ह्यात मोडते, त्याचे मुख्य ठाणे ब्राउनाउ. तेथेच १८८९ साली ॲडॉल्फ हिटलरचा जन्म झाला. एकाच मुलखातली ही दोन माणसे, आणि त्यांच्या जन्मात अवघे अठरा वर्षांचे अंतर.

फ्रान्झचा जन्म २० मे १९०७ चा. आई रोझालिया हुबर ही शेतावर राबणारी मोलकरीण आणि वडीलही शेतगडीच. लग्न करून संसार थाटण्याइतकी दोघांची ऐपत नव्हती, त्यामुळे मूल विवाहाबाहेर जन्मले. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. फ्रान्झला वाढविले ते त्याच्या आजीने. ही आजी भाविक होती. पुढे १९१७ साली आईने हाइनरिख येगरश्टेटर या शेतकऱ्याशी विवाह केला, आणि त्या सज्जनाने फ्रान्झला दत्तक घेऊन आपले नाव आणि पुढे आपली शेतीही दिली. या नव्या घरी एक आजोबा होते व त्यांच्याजवळ पुस्तके होती. खेड्यातल्या एका शिक्षकी शाळेत शिकलेला हा मुलगा तेव्हापासून वाचू लागला आणि अखेरपर्यंत वाचत राहिला. बिशपांची परिपत्रके, बायबल, संतचरित्रे, वर्तमानपत्रे असे सारे तो वाची. ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण पुढे ज्या काळात सारा देश एकाच भोंग्याचा आवाज ऐकत होता, त्या काळात हा माणूस घरी बसून काहीतरी दुसरे वाचत होता, हे ध्यानात ठेवावयास हवे.

तो जन्मतः संत नव्हता. १९२७ ते १९३० ही वर्षे त्याने आयझेनएर्झ येथील लोखंडाच्या खाणीत काढली. तेथल्या वातावरणात त्याची श्रद्धा डळमळली होती, आणि नंतर ती पुन्हा सावरली. गावी परतला तो मोटारसायकल घेऊन. राडेगुंडमधली ती पहिलीच मोटारसायकल. दंगामस्ती, मारामाऱ्या यांतही त्याचे नाव असे. १९३३ साली विवाहाविना त्याला एक मुलगी झाली. आपल्याकडच्या गावात अशा गोष्टीचा काय बोभाटा होतो हे सांगावयास नको, आणि तेथेही काही निराळे नव्हते. पण पुढे लग्न झाल्यावरही त्याने या मुलीशी नाते तोडले नाही. उलट तिला आपल्या घरी वाढविण्याची तयारी त्याने व त्याच्या पत्नीने दाखविली होती. स्वतःविषयीचे सत्य लपविण्यात ज्याची शक्ती खर्च होते, त्याच्याजवळ दुसऱ्या कोणत्या सत्यासाठी बळ उरत असेल, याची आम्हांला शंका वाटते. कबुलीच्या संस्कारात बसणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूला हे अनुभवाने ठाऊक असते.

१९३६ च्या पवित्र गुरुवारी, म्हणजे ९ एप्रिल रोजी, त्याचा विवाह फ्रान्झिस्का श्वानिंगर हिच्याशी झाला. नवविवाहित जोडपे यात्रेला निघाले ते थेट रोमला. फ्रान्झिस्का भक्तिमान होती आणि आनंदीही. तिच्या संगतीत फ्रान्झचे जीवन पालटले, असे गावातली माणसे सांगत. घरात एकत्र प्रार्थना, बायबलवाचन आणि शक्य तेव्हा दररोज मिस्सा असा क्रम सुरू झाला. रोझालिया, मारिया आणि अलोइसिया अशा तीन मुली त्यांना झाल्या.

आता १९३८ सालाकडे वळू. मार्च महिन्यात हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. त्या आधी, जानेवारीत, फ्रान्झला एक स्वप्न पडले होते व पुढे त्याने ते लिहूनही ठेवले. एका डोंगराला वळसा घालून एक सुंदर आगगाडी येते आहे. माणसे, मुले तिच्यात चढण्यासाठी धावत आहेत. कोणी कोणाला थांबवू शकत नाही. आणि तेवढ्यात एक आवाज त्याला सांगतो, की ही गाडी नरकाकडे चालली आहे. ही गाडी म्हणजे त्या काळी देशभर फोफावत असलेला नाझीवाद होय, असा अर्थ त्याने पुढे लावला. स्वप्नांवर फार भर देण्याचा आमचा स्वभाव नाही. पण सारे गाव गाडी पकडायला धावत असताना फलाटावर उभे राहण्याचे धैर्य केवळ स्वप्नाने येत नाही. ते आले होते धर्मशिक्षणातून.

हे असे. लिंत्स धर्मप्रांताचे तत्कालीन बिशप योहानेस ग्फ्योलनर यांनी जानेवारी १९३३ मध्ये एक परिपत्रक काढले होते. चांगला कॅथलिक आणि खरा नाझी असे दोन्ही एकाच वेळी होणे अशक्य आहे, असे त्यांनी त्यात स्पष्ट बजावले. त्याच परिपत्रकात वंशद्वेषाचा निषेध असतानाही ज्यू लोकांविषयी असा काही मजकूर होता, की तो आज वाचताना मान खाली जाते. सत्य सांगणाऱ्यांच्या हाती सत्य असे भेसळ होऊनही येते. पण फ्रान्झने त्यातले मुख्य वाक्य घेतले आणि ते खरे मानले. पाच वर्षांनी, १८ मार्च १९३८ रोजी, व्हिएन्नाचे कार्डिनल इन्निट्झर व इतर बिशपांनी एक निवेदन काढून नव्या राजवटीच्या बाजूने मत देण्याची शिफारस श्रद्धावंतांना केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नाझी तरुणांनी कार्डिनलांच्या निवासस्थानात घुसून नासधूस केली, तेव्हा या सौद्याची किंमत कळली. पण तोवर निवेदन चर्चमधून वाचून झाले होते.

१० एप्रिल १९३८ रोजी सार्वमत झाले. राडेगुंडमध्ये एकच मत विरुद्ध पडले, ते फ्रान्झचे. गावच्या अधिकाऱ्यांनी ते दडवून शंभर टक्के मतदान हिटलरच्या बाजूने झाल्याचे वर कळविले. एका माणसाच्या खऱ्या मतामुळे गाव अडचणीत येऊ नये म्हणून एक लहानसे खोटे, इतकाच हा मामला. त्यांना दोष देताना आम्ही जरा थबकतो, कारण ते दुष्ट नव्हते. याच गावच्या सरपंचाने पुढे फ्रान्झला सैन्यातून दोनदा सोडवून आणले.

नंतरची पाच वर्षे गाजावाजाची नाहीत, आणि तरीही आमच्या मते या चरित्रात सर्वांत महत्त्वाची तीच आहेत. त्याने सरपंचपद नाकारले. पक्षाच्या निधीला पैसे दिले नाहीत. सरकारकडून मुलांसाठी मिळणारा भत्ता घेतला नाही. गारपिटीने पीक गेले तेव्हा नुकसानभरपाईही घेतली नाही. गारपिटीत पीक जाणे म्हणजे काय, हे शेतकरी वाचकांना आम्ही सांगणे बरे नव्हे. भत्ता घेतल्याने काही ज्यूंचा छळ होणार नव्हता, भरपाई घेतल्याने युद्ध वाढणार नव्हते. पण प्रत्येक रकमेबरोबर एक अदृश्य पावती फाडली जात होती, आणि तिच्यावर सही करण्यास तो तयार नव्हता. या नकारांतून त्याला सवय लागली ती ज्याचे उपकार घेतले त्याची भीड धरावी न लागण्याची. १९४३ मध्ये त्याने जे केले ते एका दिवसाच्या धैर्याने केले नाही. त्याच्या आतली मोकळी जागा तो पाच वर्षे पैशापैशाने जपत आला होता.

जून १९४० मध्ये त्याला पहिले बोलावणे आले व काही दिवसांतच सरपंचाच्या खटपटीने तो परतला. ऑक्टोबर १९४० पासून एप्रिल १९४१ पर्यंत एन्स येथे त्याने वाहनचालक म्हणून लष्करी शिक्षण घेतले. म्हणजे तो एकदा गणवेश घालून आला होता, हे विसरू नये. याच मुक्कामात त्याने ८ डिसेंबर १९४० रोजी संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघात प्रवेश केला. याच काळात ईब्स येथील मनोरुग्णालयातल्या रुग्णांना पद्धतशीरपणे ठार मारले जात असल्याची बातमीही त्याच्या कानी आली. परतल्यावर तो गावच्या चर्चचा सॅक्रिस्टन झाला. घंटा वाजविणे, वेदी सजविणे, मयताच्या वेळी धर्मगुरूबरोबर जाणे ही कामे तो करू लागला. त्या वेळी रणांगणावर पडलेल्या गावच्या तरुणांसाठी मिस्सा होत असत. त्यांची घंटा वाजविता वाजविता त्याचा निर्णय पक्का होत गेला: पुन्हा बोलावणे आले तर जायचे नाही.

त्याने वह्या लिहून ठेवल्या आहेत. त्यांत तो विद्वानासारखा लिहीत नाही, तो प्रश्न विचारतो. रशियात आपण बोल्शेविझमशी लढतो आहोत म्हणतात, तर मग तेथले तेल, खनिजे आणि सुपीक जमीन यांची चर्चा कशासाठी? ज्यांच्या देशात आपण शिरलो, त्यांनी आपले काय बिघडविले होते? आपण केवळ आज्ञा पाळतो असे म्हटल्याने पाप आज्ञा देणाऱ्याच्या खात्यावर जाते काय? हे प्रश्न विचारावयास विद्यापीठाची पदवी लागत नव्हती. ज्यांच्याजवळ पदव्या होत्या, त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी ते विचारले.

येथे आम्ही आमच्या व्यवसायबंधूंकडे वळतो. गावचे धर्मगुरू फादर फेर्डिनांड कारोबाथ हे नाझीविरोधी होते आणि १९४० साली एका प्रवचनाबद्दल त्यांना अटक होऊन धर्मग्राम सोडावा लागला होता. फ्रान्झ त्यांना जाऊन भेटला. त्यांनीही त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. बायबलमधली वचने काढून वाद घातला, पण प्रत्येक वेळी फ्रान्झनेच वचनांच्या आधारे त्यांना निरुत्तर केले, असे फादरांनी पुढे प्रांजळपणे सांगितले. त्यांच्या जागी आलेल्या फादर योझेफ फ्यूर्टहाउअर यांचाही सल्ला तोच होता. शेवटी फ्रान्झ लिंत्सला बिशपांना भेटण्यास गेला. तेव्हा धर्मप्रांताची धुरा योझेफ फ्लीसर यांच्याकडे होती. फ्रान्झिस्का बरोबर गेली होती, पण ती बाहेर थांबली. आतून तो खिन्न होऊन बाहेर आला. बिशपांना स्वतःलाच भीती वाटते, नाहीतर त्यांच्यावरही पाळी यायची, असे तो म्हणाल्याचे फ्रान्झिस्काने सांगितले आहे.

या सर्वांनी त्याला काय सांगितले? मुख्यतः तीन गोष्टी. राजसत्तेच्या अधीन राहावे ही संत पौलाची शिकवण आहे. युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरविण्याइतकी माहिती एका शेतकऱ्याजवळ असू शकत नाही, तेव्हा ती जबाबदारी त्याची नाही. आणि घरी तीन लहान मुली आहेत. आम्ही स्वतः धर्मगुरू असल्यामुळे या सल्ल्याकडे परक्याच्या नजरेने पाहू शकत नाही. यांतले प्रत्येक वाक्य आम्ही सेमिनरीच्या पाठ्यपुस्तकातून काढून दाखवू शकतो. एखादा बाप आमच्या ऑफिसात येऊन बसला आणि त्याने असा निर्णय सांगितला, तर तिसरे वाक्य आमच्याही तोंडी प्रथम येईल, आणि त्यात लबाडी असणार नाही, दयाच असेल. पण फ्रान्झ विचारायला गेला होता ते एक, आणि मिळाले ते दुसरे. हे युद्ध खरोखर न्याय्य आहे काय, असे त्याने विचारले. ते न्याय्य आहे असे कोणी सांगितले नाही. ते ठरविणे तुझे काम नव्हे, एवढेच सांगितले. सत्याचा प्रश्न येताच अधिकाराचे उत्तर मिळाले.

मुलींविषयी तो बेफिकीर होता असे कोणी समजू नये. त्याची पत्रे मुलींच्या चौकशीने आणि शेतीच्या सूचनांनी भरलेली आहेत. पण कुटुंबासाठी म्हणून ईश्वराचा अपराध करण्याचा हक्क बायकोमुले आपल्याला देतात, असे त्याला वाटत नव्हते. शिवाय एक साधी गोष्ट त्याला दिसत होती, जी सल्ला देणाऱ्यांना दिसली नाही: आघाडीवर गेलेल्या बापांच्या मुलीही पोरक्या होतच होत्या.

आता फ्रान्झिस्काविषयी. सुरुवातीला तिनेही त्याला विनविले. पण गावातले सारेच त्याच्या विरुद्ध बोलू लागले, तेव्हा ती त्याच्या बाजूला उभी राहिली. आपणही साथ दिली नसती तर त्याला कोणीच उरले नसते, असे तिने उतारवयात सांगितले. या घरात सत्य आणि प्रेम यांच्यात निवड करण्याची वेळ आली नाही, याचे श्रेय तिचे आहे. पुष्कळ चरित्रकार तिला दोन ओळींत आटोपतात. तो अन्याय आहे.

२३ फेब्रुवारी १९४३ रोजी बोलावणे आले. १ मार्चला तो एन्सच्या छावणीत हजर झाला आणि आपण शस्त्र घेणार नाही असे त्याने सांगितले. दुसऱ्याच दिवशी त्याची रवानगी लिंत्सच्या लष्करी तुरुंगात झाली. हा तुरुंग उर्सुलाईन भगिनींच्या मठात थाटला होता. येथले दिवस फार कठीण गेले. निराशेने त्याला इतके घेरले, की देवाने आपल्याला टाकले की काय असे वाटावे. हे आम्ही मुद्दाम नोंदवितो. आंतरिक मुक्ती म्हणजे भय न वाटणे, अशी समजूत आपल्यात रूढ आहे, आणि संतांच्या चित्रांतले शांत चेहरे ती अधिकच पक्की करतात. फ्रान्झला भय वाटले, घरची ओढ वाटली. रुग्णसेवक म्हणून काम करण्याची तयारीही त्याने दाखविली, पण ती मान्य झाली नाही. तो मोकळा होता तो एवढ्यापुरता, की भयाला त्याच्या वतीने बोलता येत नव्हते.

मे महिन्यात त्याला बर्लिनच्या टेगेल तुरुंगात हलविले. ६ जुलै १९४३ रोजी लष्कराच्या सर्वोच्च न्यायालयाने सैन्यशक्ती खच्ची केल्याच्या आरोपाखाली त्याला मृत्युदंड ठोठावला. तुरुंगातले धर्मगुरू फादर हाइनरिख क्रोइट्झबर्ग यांनी त्याला एक बातमी दिली: फ्रान्झ राइनिश नावाच्या एका पॅलोटाइन धर्मगुरूने हिटलरच्या नावे शपथ घेण्याचे नाकारले व ऑगस्ट १९४२ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. हे ऐकून फ्रान्झचा जीव भांड्यात पडला. ज्या गोष्टीबद्दल सर्व धर्मगुरूंनी त्याला चूक ठरविले, तीच एका धर्मगुरूने केली होती. या बाबतीत कॅथलिकांची संख्या अगदी थोडी, हेही सत्य लिहिले पाहिजे. यहोवाचे साक्षीदार म्हणून ज्यांना आपण दारावरून परत पाठवितो, त्या पंथाचे लोक शपथ नाकारून फार मोठ्या संख्येने मरणाला सामोरे गेले.

जुलैच्या मध्यास फ्रान्झिस्का आणि फादर फ्यूर्टहाउअर बर्लिनला आले. भेट वीस मिनिटांची. फ्रान्झच्या हातांत बेड्या होत्या. फादरांनी अखेरचा प्रयत्न केला, पण उपयोग झाला नाही. फ्रान्झने मुलींसाठी जपून ठेवलेला चॉकलेटचा तुकडा पत्नीला देऊ पाहिला. तेवढीही परवानगी मिळाली नाही.

बांधलेल्या हातांनी त्याने लिहिलेला मजकूर उपलब्ध आहे. हात बांधलेले असणे हे इच्छा बांधलेली असण्यापेक्षा बरे, असा त्याचा आशय. आता ज्यांचे हात मोकळे होते त्यांच्याकडे पाहा. गावचे अधिकारी, न्यायाधीश, तुरुंगाचे पहारेकरी, लिंत्सचे बिशपमहाशय, सर्वांची समजूत एकच: दुसरा पर्याय नाही. प्रत्येकजण कोणाच्या तरी आज्ञेने वागत होता. त्या संपूर्ण साखळीत पर्याय होता असे मानणारा माणूस एकच, आणि तो बेड्यांत होता. आम्हांस वाटते, येशूच्या श्रोत्यांची जी गत झाली तीच येथे झाली. आपण कधीच कोणाच्या दास्यात नव्हतो, असे ते म्हणाले; आपला नाइलाज आहे, असे हे म्हणाले. दोहोंत फारसे अंतर नाही. दास्य न ओळखणे हा एक प्रकार, आणि दास्याला परिस्थिती म्हणणे हा दुसरा. आपल्याकडेही जमिनीच्या व्यवहारात खोट्या कागदावर सही करताना, लग्नात देणेघेणे ठरविताना, निवडणुकीत मत विकताना हाच शब्द कानी येतो: नाइलाज. येथे सत्य बोलल्याने कोणाचा शिरच्छेद होत नाही.

९ ऑगस्ट १९४३ रोजी फ्रान्झला बर्लिनजवळील ब्रांडेनबुर्ग येथे नेण्यात आले. या तारखेला आपण भारतात क्रांतिदिन पाळतो, आणि ख्रिस्तसभेत आउश्वित्झला मारल्या गेलेल्या संत एडिथ श्टाइनचे स्मरण करतो. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध करण्याचा आमचा हेतू नाही. तुरुंगाचे धर्मगुरू फादर आल्बर्ट योखमान त्याला भेटले तेव्हा टेबलावर एक कागद ठेवलेला होता. त्यावर सही करून सैन्यात जाण्यास संमती दिली असती तर प्राण वाचण्याची आशा होती. फ्रान्झने तो बाजूला सारला. फादरांनी त्याला काही वाचावयास आणून देऊ काय असे विचारले. त्याने तेही नम्रपणे नाकारले. आपण प्रभूशी पूर्ण एकरूप झालो आहोत, आता वाचनाने त्यात खंड पडेल, असे तो म्हणाला. आयुष्यभर वाचणारा माणूस त्या दिवशी वाचत नव्हता. दुपारी चार वाजता शिरच्छेद झाला. आपल्या आयुष्यात आपल्याला भेटलेला एकच संत तो हा, असे फादर योखमान यांनी पुढे धर्मभगिनींना सांगितले.

युद्ध संपले. ९ ऑगस्ट १९४६ रोजी त्याच्या अस्थी राडेगुंडच्या चर्चच्या भिंतीशी पुरण्यात आल्या. पण सत्याचा प्रवास एवढ्यावर संपत नाही, आणि येथे इतिहास पुन्हा अडचणीचा होतो. त्याच वर्षी धर्मप्रांताच्या साप्ताहिकात त्याच्याविषयी लेख छापण्यास बिशप फ्लीसर यांनी मनाई केली. त्यांच्या मते खरे वीर म्हणजे आपले कर्तव्य समजून लढताना पडलेले कॅथलिक तरुण होते. याला केवळ भित्रेपणा म्हणून चालणार नाही. धर्मप्रांतातल्या हजारो घरांत मृत सैनिकांची छायाचित्रे टांगली होती. फ्रान्झ बरोबर असेल, तर त्या मुलांचे काय? हा प्रश्न त्या मातांच्या तोंडावर कोणी विचारावा? गावातही त्याच्याविषयी बोलणे टळे. सैनिकांच्या विधवांना मिळणारे निवृत्तिवेतन फ्रान्झिस्काला १९५० पर्यंत मिळाले नाही.

ही कोंडी फोडली ती परक्यांनी. गॉर्डन झान नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जर्मन कॅथलिकांच्या युद्धकाळातील वर्तनाचा अभ्यास करीत होते. त्यांना या शेतकऱ्याचा माग लागला. राडेगुंडला जाऊन, गावकऱ्यांशी बोलून त्यांनी लिहिलेले चरित्र १९६४ साली प्रसिद्ध झाले. दुसरी व्यक्ती तर आपल्या ओळखीची आहे. जेज्वीट आर्चबिशप टॉमस रॉबर्ट्स हे १९३७ पासून मुंबईचे आर्चबिशप होते. धर्मप्रांताची सूत्रे भारतीय धर्मगुरूच्या हाती जावीत म्हणून ते बाजूला झाले आणि १९५० साली त्यांच्या जागी व्हॅलेरियन ग्रेशस आले. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींना दृढीकरणाचा संस्कार रॉबर्ट्स यांच्या हातून मिळाला असेल. याच रॉबर्ट्स यांनी १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपुढे फ्रान्झ येगरश्टेटरचे उदाहरण ठेवले आणि सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र नाकारणाऱ्यांच्या बाजूने ख्रिस्तसभेने स्पष्ट बोलावे, असा आग्रह धरला. ७ डिसेंबर १९६५ रोजी जाहीर झालेल्या आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या परिषदेच्या दस्तऐवजात अशा लोकांसाठी कायद्यात माणुसकीची तरतूद असावी, मात्र त्यांनी अन्य मार्गाने समाजाची सेवा करावी, असे म्हटले आहे. लिंत्सच्या बिशपनिवासात ज्या प्रश्नाला उत्तर मिळाले नव्हते, तो असा फिरून सेंट पीटर्समध्ये पोहोचला. त्यासाठी वीसपेक्षा अधिक वर्षे लागली.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. १९८५ मध्ये एर्ना पुट्झ यांनी कागदपत्रांच्या आधारे त्याचे चरित्र लिहिले. मे १९९७ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द ठरविली. १ जून २००७ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्याच्या रक्तसाक्ष्याला मान्यता दिली, आणि २६ ऑक्टोबर २००७ रोजी, ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय दिनी, लिंत्सच्या कॅथीड्रलमध्ये त्याला धन्य घोषित करण्यात आले. त्याचा सण २१ मे रोजी, त्याच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी असतो. २०१९ मध्ये टेरेन्स मॅलिक या दिग्दर्शकाने त्याच्यावर चित्रपटही काढला.

ज्या धर्मप्रांताच्या साप्ताहिकात त्याचे नाव छापू दिले गेले नव्हते, त्याच धर्मप्रांताच्या कॅथीड्रलमध्ये त्या दिवशी फ्रान्झिस्का बसली होती. तेव्हा तिचे वय ९४ होते. पतीमागे तिने शेती सांभाळली, तीन मुली वाढविल्या, आणि गावच्या चर्चचे सॅक्रिस्टनचे कामही पुढे तिनेच पाहिले. त्याचे अवशेष वेदीकडे नेण्यापूर्वी तिने त्या पात्राचे चुंबन घेतले. १६ मार्च २०१३ रोजी, वयाची शंभर वर्षे पूर्ण केल्यानंतर काही दिवसांतच, ती वारली.